बटण कुठं गेलं, राव?

चाकणच्या तळेगाव चौकाला लोक उगाच शिव्या घालतात. हल्लीच्या गाड्यांमधला तो भला मोठा पडदा बिनधोक वापरता येईल अशा महाराष्ट्रातल्या मोजक्या जागांत या चौकाचा नंबर फार वरचा आहे. पुणे-नाशिक रस्ता आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता जिथं एकमेकांना आडवे जातात, तिथं संध्याकाळी शिफ्ट सुटली की गाडी उभी राहते आणि मग उभीच राहते. पुढे कंटेनर, मागे कंपनीची बस, दोहोंच्या फटीतून दुचाक्या. अशा वेळी एसीचा पंखा एक घर कमी करायला पडद्यावर तीन पानं उलटावी लागली तरी कुणाचं काय जातं? पडद्याची आखणी करणारा इंजिनिअर गाडी जागची हलत नाही असं धरूनच चाललेला असतो. त्याचं म्हणणं खरं करून दाखवायला आपल्या सरकारी खात्यांनी किती वर्षं मेहनत घेतली आहे, याची जाणीव आपल्याला नाही.

घोळ होतो तो रात्री अकरानंतर. रस्ता मोकळा होतो, गाडी ८० ला लागते, बाहेर भुरभुर पाऊस असतो आणि समोरच्या काचेवर आतून वाफ धरते. ८० च्या वेगानं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. वाफ घालवायचं चिन्ह पडद्यावर कुठं दडलंय ते शोधायला, त्यावर बोट टेकवायला आणि टेकलं की नाही ते बघायला तीन सेकंद धरा. झाले ६६ मीटर. तेवढ्या अंतरात ड्रायव्हर सीटवर असतो, बेल्ट लावलेला असतो, लायसन्स खिशात असतं. फक्त गाडी कुणी चालवत नसतं.

यावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, ‘अहो, एक डोळा रस्त्यावर असतोच की!’ नसतो. समोरचं सगळं एकदम स्वच्छ दिसतंय ही आपली समजूत मेंदूनं करून दिलेली आहे. हात लांब करून अंगठा उभा धरा. त्या नखाच्या आसपासचं जेवढं दिसतं, तेवढ्याच जागेतलं डोळा बारकाईनं वाचू शकतो. बाकीचं धूसरच असतं. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत हे नखाएवढं भोक इकडून तिकडे फिरवतो आणि मेंदू त्या तुकड्यांचं एक अखंड चित्र शिवून आपल्या हाती देतो. उडी चालू असताना आलेलं चित्र तर तो परस्पर टाकून देतो, म्हणून आपल्याला मधली फट जाणवत नाही. थोडक्यात, नख रस्त्यावर ठेवा नाहीतर पडद्यावर. दोन्हीकडे ठेवण्याची सोय निसर्गानं केलेली नाही आणि ती पुढच्या अपडेटमध्येही येणार नाही.

बरं, नजर रस्त्यावर आहे पण लक्ष पडद्यात आहे, असं असलं तरी भागत नाही. १९९९ साली हार्वर्डमध्ये सायमन्स आणि शॅब्री या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक फिल्म दाखवली. काहीजण बास्केटबॉल एकमेकांकडे टाकताहेत, बघणाऱ्यानं फक्त पास मोजायचे. मध्येच गोरिलाच्या वेशातला एक माणूस घोळक्यात येतो, छाती बडवतो आणि निघून जातो. जवळजवळ निम्म्या लोकांना तो दिसलाच नाही. समोरच बघत होते, तरी नाही. आपल्याकडे गोरिला नसतो. आपल्याकडे मागे एकही दिवा नसलेली उसाची ट्रॉली असते.

आता चाकणच्या फाटकांतून काय बाहेर पडतं ते पाहू. महिंद्राची नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेली विजेवरची एक्सईव्ही ९ई इथलीच. तिच्या डॅशबोर्डवर एका ओळीत १२.३ इंची तीन पडदे आहेत. मर्सिडीजनं २०२२ मध्ये इथंच ईक्यूएस ५८० ची जुळणी सुरू केली. तिच्या डॅशबोर्डवरची काच १४१ सेंटिमीटर रुंद आहे, या दारापासून त्या दारापर्यंत. पूर्वी चाळीत ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या घरी रविवारी अख्खी चाळ जमायची. आता माणूस एकटा मोशीहून निघतो आणि तीन पडदे सोबत घेऊन निघतो.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये (नाव सांगत नाही, सगळ्या शोरूमांत हाच संवाद होतो) विक्रीवरचा पोरगा मला मोठ्या अभिमानानं म्हणाला, ‘काका, सगळं टच आहे. एक बटण सापडणार नाही तुम्हाला!’

म्हटलं, ‘तीच तर भीती आहे. काचेवर वाफ धरली तर?’

‘बोलायचं फक्त. व्हॉइस कमांड आहे ना.’

‘मागे दोन पोरं भांडतायत, पावसाचा टपावर आवाज आहे, शेजारी हिची आई बोलतेय. कुणाचं ऐकेल ती?’

पोरगा हसला. गोड पोरगा होता. म्हणाला, ‘काका, आज पहिल्यांदा बघताय म्हणून असं वाटतंय. आठ दिवसांत हात बसतो.’

हात बसतो! या भोसरी-चाकणच्या पट्ट्यात हे दोन शब्द फार जपून वापरायला हवेत, कारण हात बसणं म्हणजे काय हे इथल्या माणसांना जगातल्या कुठल्याही डिझाइन स्टुडिओपेक्षा चांगलं कळतं. खात्री करायची असेल तर भोसरी एमआयडीसीत जा. कुठल्याही शेडमध्ये व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकी मशिनवर, नवा जॉब लागत असेल तर तो लावून देणाऱ्या सेटरच्या मागे पाच मिनिटं गप्प उभे राहा.

प्रोग्रॅम भरलेला आहे, ऑफसेट टाकलेले आहेत, मशिन सिंगल ब्लॉकवर ठेवलंय. पहिला पीस. सेटरची नजर टूलच्या टोकावर आहे आणि ती तिथून हलत नाही. काचेवर कूलंटचा फवारा उडतोय, त्यातून तो टूल आणि जॉब यांच्यातलं अंतर जोखतोय. उजवा हात पॅनेलवर, फीड ओव्हरराइडच्या नॉबवर. नॉब फिरवताना प्रत्येक घराला बोटाला खाच लागते, त्यामुळे वेग किती टक्क्यांवर आणलाय हे त्याला न बघता कळतं. अंगठ्याजवळ फीड होल्ड, म्हणजे टूल जागीच थांबवणारं बटण. टूल जरा वाकडं उतरतंय असं वाटलं की अंगठा दाबला जातो. आधी दाबला जातो, कारण मागून कळतं. हँडव्हील फिरवून टूल जॉबला टेकवतानाही तेच. चाकाच्या एका खटक्याला मिलिमीटरचा हजारावा भाग, शंभरावा की दहावा, ते आधीच निवडलेलं असतं. पुढचे खटके बोटं मोजतात. डोळ्यांना त्या हिशेबात घेतलेलंच नसतं. आणि सगळ्यात शेवटी, पिवळ्या पट्टीवर उठून दिसणारा लाल मशरूम. इमर्जन्सी. तळहातानं, कोपरानं, घाबरलेल्या माणसाच्या कसल्याही धडकेनं दाबला जाईल असा. तो कसा असावा याचं आयएसओ १३८५० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि पडद्यावर काढलेलं लाल वर्तुळ त्यात बसत नाही.

नव्या मशिनांच्या पॅनेलवर मोठे रंगीत पडदे आलेत, नाही असं नाही. त्यावर टूलची वाट दिसते, थ्रीडी चित्र दिसतं, अलार्मचा इतिहास दिसतो. पण नॉब, फीड होल्ड आणि मशरूम यांना हात लावायची कुणाची हिंमत झालेली नाही. तेलकट हात, हातमोजे, कूलंट यांच्यापुढे मोबाइलसारखी काच टिकत नाही हे एक कारण. दुसरं आणि खरं कारण, नजर टूलवरून काढायला लावणारं मशिन कुठलाही सेटर चालू देणार नाही.

आता विचार करा. सेटरची आणि ड्रायव्हरची गत एकच: नजर एका जागी खिळलेली, हातानं दुसरंच काम करायचं, आणि उशीर झाला तर धडक. मशिनवर चुकलं तर टूल तुटतं, जॉब रिजेक्ट होतो, सुपरवायझर दोन शब्द सुनावतो. तिथं नॉब आहे, खाच आहे, मशरूम आहे. रस्त्यावर चुकलं तर माणूस जातो. तिथं गुळगुळीत काच आहे. आणि सेटरचा जॉब व ही काचवाली गाडी हे दोन्ही त्याच दहा-पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यात, बऱ्याचदा एकाच गिऱ्हाइकाच्या ऑर्डरवर तयार होतं. भोसरीच्या शेडमध्ये जे अक्कलखात्यात जमा होतं ते चाकणच्या असेंब्ली लाइनवर पोहोचेपर्यंत खर्ची पडतं.

जुन्या लोकांना आठवत असेल. १९७२ पासून आकुर्डीतून निघणाऱ्या बजाजच्या चेतकचा पेट्रोलचा कॉक सीटखाली असायचा. पेट्रोल संपत आलं की स्कूटर गचके द्यायची. चालवणारा मान न वळवता हात खाली घालायचा, कॉक रिझर्व्हला फिरवायचा आणि मागे बसलेल्या बायकोला पत्ताही लागायचा नाही. त्या कॉकवर संशोधनाचे कागद कुणी छापले नव्हते. हाताला सापडेल तिथं तो होता, एवढंच. आज त्याच आकुर्डीत विजेवरची चेतक बनते. तिच्या वरच्या मॉडेलला टचस्क्रीन आहे. दोन चाकांवर, पावसात, हातमोजे घालून टचस्क्रीन! काचेवर पडलेला थेंब आणि टेकलेलं बोट यांतला फरक ओळखण्यात अशा पडद्यांचा गोंधळ होतो, हे पाऊस कधी न पाहिलेल्या गावात चालून जाईल. मावळातून दमट वारा खाणाऱ्या गावात नाही.

मग हे सगळं चाललंय कशासाठी? सौंदर्यासाठी म्हणाल तर काळ्या चकचकीत काचेवर दुपारपर्यंत उमटलेले बोटांचे ठसे एकदा बघा. उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. एक बटण म्हणजे एक साचा, एक स्प्रिंग, संपर्काची पट्टी, वायर, हार्नेसमधली जागा, लाखभर वेळा दाबून केलेली चाचणी. शिवाय बटण कुठं बसणार हे गाडी बाजारात येण्याच्या किती तरी आधी ठरवावं लागतं, कारण डॅशबोर्डला भोक पाडलं की पाडलं. पडद्याचं तसं नाही. पडदा तर तसाही लावायचाच आहे, मागचा कॅमेरा दाखवायला आणि नकाशाला. मग एसी त्यात ढकला, दिवे त्यात ढकला, आरसे त्यात ढकला. निर्णय लाँचच्या आदल्या रात्रीपर्यंत पुढे ढकलता येतो, आणि लाँचनंतरही. गिऱ्हाईक आठ दिवसांत हात बसवतं, नवव्या दिवशी अपडेट येतं आणि चिन्ह डावीकडून उजवीकडे जातं.

त्यात पडदा रेंगाळला तर बघायलाच नको. यंत्राचं उत्तर सेकंदाच्या दहाव्या भागात आलं तरच माणसाला ते आपल्या हातानं झालं असं वाटतं, हे आयबीएमचे रॉबर्ट मिलर १९६८ मध्येच लिहून बसलेत. उत्तर त्याहून उशिरा आलं की माणूस काय करतो? पुन्हा दाबतो. दुसऱ्या दाबानं पहिलं रद्द होतं. मग तिसऱ्यांदा. तोवर ६६ मीटरचे १३२ झालेले असतात. त्यातून मोशीच्या पुढे रस्ता असा आहे की बोट कुठल्या चिन्हावर पडणार हे तुम्ही ठरवत नाही, खड्डा ठरवतो. हीटरऐवजी रेडिओ लागला तर तो खड्ड्याचा कौल समजावा.

यातलं काहीही नवीन नाही, हीच तर चीड आणणारी गोष्ट. १९८६ मध्ये अमेरिकेत ब्यूक कंपनीनं रिव्हिएरा मॉडेलला टचस्क्रीन लावली होती. लोकांनी बोंब मारली, काही वर्षांत ती काढून टाकावी लागली. त्याहून मागे जायचं तर १९४३. बी-१७ बाँबर विमानं सुखरूप उतरायची आणि उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसायची. पायलट पंखांच्या झडपा वर घ्यायला जायचे आणि ओढली जायची चाकं. अल्फॉन्स चॅपनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाला चौकशीला पाठवलं. त्यानं पायलटांना दोष दिला नाही. दोन्ही खटके शेजारी शेजारी आणि सारखेच आहेत हे त्यानं पाहिलं. चाकाच्या खटक्याला रबरी चाक चिकटवलं, झडपेच्या खटक्याला पाचरीच्या आकाराचा तुकडा. प्रकार थांबला. आजही प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये चाकांच्या दांडीच्या टोकाला छोटं चाक असतं. अंधारात, दमलेल्या, घाबरलेल्या माणसाच्या हाताला कळावं म्हणून. ८० वर्षांपूर्वी एका रबरी तुकड्यात मिटलेला प्रश्न आपण करोडभर रुपये मोजून पुन्हा विकत घेतला आहे.

अमेरिकी नौदलाला हा धडा दहा खलाशी गमावून मिळाला. २०१७ मध्ये सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ ही युद्धनौका टँकरवर आदळली. चौकशीत बोट गेलं ते जहाज हाकायच्या कक्षातल्या टचस्क्रीनकडे; जहाजाचा ताबा कुठल्या टेबलाकडे आहे हेच खलाशांना उमगलं नव्हतं. २०१९ मध्ये नौदलानं थ्रॉटलसाठी पुन्हा हातात धरायच्या दांड्या बसवायचं जाहीर केलं.

आकडे हवेत? स्वीडनच्या ‘वी बिलॅगेरे’ या मोटारींच्या मासिकानं २०२२ मध्ये विमानतळाच्या धावपट्टीवर गाड्या ११० च्या वेगानं पळवल्या आणि ड्रायव्हरांना चार किरकोळ कामं सांगितली. सीट गरम करणं, रेडिओचं स्टेशन लावणं, असली. आधी गाडीशी ओळख करून घ्यायला वेळही दिला. बटणांची २००५ सालची व्हॉल्वो व्ही ७० होती. तिच्यात चारही कामं १० सेकंदांत झाली, गाडी तोवर ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे पडलेल्या एमजी मार्व्हल आर या पडदेवाल्या गाडीत तीच कामं व्हायला ४४.९ सेकंद लागले. १,३७२ मीटर.

फोक्सवॅगनचं उदाहरण तर आपल्या घरचं. २००९ पासून चाकणला बनणाऱ्या पोलोत एसीला गोल नॉब होते. पोलो गेली, त्याच कारखान्यातून टायगून आणि व्हर्टस आल्या आणि वरच्या व्हेरिअंटमध्ये एसीचं पॅनेल स्पर्शाचं झालं. तिकडे युरोपात गिऱ्हाइकांनी इतका ताप दिला की मार्च २०२५ मध्ये कंपनीचे डिझाइनप्रमुख आंद्रेआस मिंट यांनी ही चूक पुन्हा करणार नाही असं जाहीरपणे सांगून टाकलं. आवाज, दोन्ही बाजूंचं तापमान, पंखा आणि हॅझर्डचे दिवे यांना पुढच्या गाड्यांत खरीखुरी बटणं असतील म्हणे. त्यांच्याच घराण्यातल्या स्कोडानं संभाजीनगरला जुळणाऱ्या नव्या कोडियाकमध्ये पडद्याखाली फिरवायचे नॉब परत आणलेसुद्धा. म्हणजे चूक आयात झाली ती जहाजानं, दुरुस्ती येतेय ती बैलगाडीनं.

डोळ्यांचं एवढं पुरे. कानाचे हाल निराळे आहेत.

कान मिटता येत नाही, म्हणून धोक्याची सूचना कानाला देतात. शिवाय उजेडापेक्षा आवाजाला माणूस किंचित लवकर दचकतो. पण कानाला एक खोड आहे: रोज वाजणारं त्याला ऐकू येईनासं होतं. लोहमार्गाशेजारी राहणाऱ्याला गाडी ऐकू येत नाही, पिंपरी कॅम्पातल्या दुकानदाराला हॉर्न ऐकू येत नाही. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना ८० च्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारी सूचना सक्तीची झाली, बेल्टचीही झाली. हेतू उत्तम. मग त्याच आवाजात दार उघडं असल्याची टिंग, मागे भिंत असल्याची टिंग, पट्टा ओलांडल्याची टिंग आणि फोनवर कुणीतरी गुड मॉर्निंग पाठवल्याची टिंग. पट्टा ओलांडल्याची तर विचारू नका. आमच्याकडे पट्टा कुठला आणि केबल टाकून बुजवलेल्या चराचं डांबर कुठलं, हे माणसाला कळत नाही तर कॅमेऱ्याला काय कळणार?

माणसानं यावर उपाय काढला तो अस्सल देशी. बेल्ट न लावता नुसतं बक्कल खाचेत अडकवायचं, की टिंग बंद. हे बक्कल राजरोस ऑनलाइन विकलं जायचं. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ई-कॉमर्स कंपन्यांना बडगा दाखवला तेव्हा अशा १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. ज्यांना बक्कल मिळत नाही ते बेल्ट पाठीमागून लावतात आणि त्यावर रेलून बसतात. मूर्ख आहेतच, पण ज्या आवाजाचा माणसाला फक्त वैताग येतो आणि अर्थ लागत नाही, तो आवाज बनवणाराही शहाणा म्हणता येत नाही. महिंद्रानं विजेच्या गाड्यांच्या आवाजांसाठी थेट ए. आर. रहमान यांना बोलावलं. छान केलं. कुणीतरी आवाजाचा आवाज म्हणून विचार करतंय. पण दहा टिंगा एकदम वाजल्या तर दोन ऑस्करवाल्याची चालसुद्धा गोंगाटच होते.

हेही कारखान्याला कळतं. प्रेस शॉपमध्ये आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही कायद्याची मर्यादा, आणि त्या धडधडीत नुसत्या भोंग्यावर विसंबून चालत नाही. म्हणून मशिनच्या डोक्यावर दिव्यांचा मनोरा असतो: वर लाल, मध्ये पिवळा, खाली हिरवा. हिरवा म्हणजे चालू, तिकडे कुणी बघत नाही आणि बघायचंही नसतं. लाइन थांबली की लाल लागतो आणि तेव्हाच हूटर. लाल कायम वर का? कारण काही पुरुषांना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही. रंग नाही कळला तरी जागा कळते. काही गाड्यांच्या पडद्यावर मात्र टायरमधली हवा ठीक असल्याचा हिरवा ठिपका आणि ठीक नसल्याचा लाल ठिपका एकाच आकाराचे, एकाच जागी. ज्याला रंग दिसत नाही त्यानं टायरला लाथ मारून बघावं.

खरं तर या पिंपरी-चिंचवड शहरातला सगळ्यात यशस्वी मल्टिमीडिया इंटरफेस आमच्या महापालिकेकडे आहे आणि तिला त्याचा पत्ता नाही. घंटागाडी! सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाणं सुरू होतं. आवाज बारीक असला की अजून चहा होतो. मोठा झाला की बादली दाराशी येते. कोपऱ्यावर वळला की पोरगं चप्पल न घालता पळतं. गाडी किती लांब, कुठल्या दिशेला, थांबलीय की चाललीय, सगळं कानानं कळतं, हात भांड्यात आणि नजर गॅसवर असताना. ऐंशीच्या आजीला कळतं, साक्षर नसलेल्याला कळतं. लॉगिन नाही, अपडेट नाही. उद्या कुणी हुशार अधिकारी यासाठी अॅप काढील आणि नकाशावर हिरवा ठिपका दाखवील. कचरा घरात राहील.

युरोपात एनकॅप ही गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी संस्था २०२६ पासून म्हणतेय: इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि मदतीची हाक या पाचांना खरी बटणं किंवा खटके नसतील तर पुरे गुण विसरा. बटण परत येण्यामागे डिझायनरांना झालेला साक्षात्कार थोडा आहे, या गुणांची धास्ती जास्त आहे. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप आहे. पहिले पाच तारे मिळाले ते पिंपरीतच बनणाऱ्या टाटांच्या हॅरिअर आणि सफारीला, कौतुकाचीच गोष्ट. पण भारत एनकॅप गुण देतं ते मुख्यतः धडक झाल्यावर आतली माणसं कितपत वाचतील यासाठी. धडक होण्याआधी ड्रायव्हर कुठं बघत होता, याला गुण नाहीत.

या भारत एनकॅपचा कारभार पाहणारी सीआयआरटी ही संस्था दिल्लीत नाही, मुंबईत नाही. ती भोसरीत आहे, पुणे-नाशिक रस्त्यावर. चाकणहून गाड्या भरून निघालेले ट्रेलर पुण्याकडे जाताना तिच्या दारावरून जातात. तिथल्या साहेबांना एवढीच विनंती, की नियमांची पुढची आवृत्ती लिहिताना युरोपातले अहवाल जरूर वाचा, पण त्याआधी एक दुपार शेजारच्या एमआयडीसीत सेटरच्या मागे उभे राहा आणि वायपर, हॅझर्ड, वाफ घालवणं व हॉर्न या चार गोष्टींना हाताला लागेल असं बटण नसेल तर एक तारा कापा. एक तारा गेला की महिन्याभरात साच्यांच्या ऑर्डरी निघतील. भोसरी-तळवड्यातल्या मोल्डिंगवाल्यांनाही काम मिळेल.

आणि वाचकहो, हे होईपर्यंत तुमची गाडी तुम्हीच तपासा. शोरूममधल्या उभ्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसा, डोळे मिटा आणि हातानं या चार गोष्टी शोधा. पोरगा ‘काका, काय करताय?’ म्हणेल, म्हणू द्या. चारही सापडल्या तर चेक फाडा. नाही सापडल्या तर दुसऱ्या शोरूममध्ये जा, आणि का जाताय ते त्याला मोठ्यानं सांगून जा.